कपाशीच्या बोंडांतील पतंग

श्रावणाच्या सरी पडूं लागल्या म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनीवर कपाशीचीं झाडें पात्यांवर येऊं लागतात. एका अंगाला वर्धा आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा अशा दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश. येथील शेती बहुतांशीं पावसावर अवलंबून आणि शेतकऱ्याचा सारा व्यवहार कपाशीवर अवलंबून. दिवसां अशा शेतांतून कोणी हिंडला, तर त्याला चतुर दिसतील, फुलपाखरें दिसतील, फुलांवर घोंघावणाऱ्या मधमाशा दिसतील. परंतु ज्या एका जीवावर त्या शेताचें वर्षाचें भवितव्य पुष्कळ अंशीं अवलंबून आहे, तो मात्र त्याच्या दृष्टीस पडावयाचा नाहीं. तो त्याच्याच पायांशीं मातीच्या भेगेंत किंवा वाळल्या पालापाचोळ्याखालीं पंख मिटून बसलेला असतो.

हा जीव म्हणजे एक अगदीं लहान पतंग. लांबी फार तर एक सेंटिमीटर. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड-दोन सेंटिमीटर भरतील. रंग मातकट करडा, पुढच्या पंखांवर काळसर डाग, मागचे पंख रुपेरी आणि त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर. दिव्यावर आला तरी आपण त्याला हातानें झटकून टाकूं आणि विसरून जाऊं. याच्या अळीचें नांव मात्र आपण वर्तमानपत्रांतून अनेकदां वाचलें असेल. तीच गुलाबी बोंडअळी.

शास्त्रज्ञांच्या दफ्तरीं या पतंगाची पहिली नोंद आपल्याच शेजारची आहे. गुजरातेंतील भडोच येथें कपाशीचें नुकसान करणारे हे किडे विलायतेला पाठविण्यांत आले आणि १८४३ सालीं साँडर्स नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन करून त्यांना नांव दिलें. आज त्याला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असें म्हणतात. त्यांतील दुसरा शब्द कपाशीच्या लॅटिन नांवावरून आलेला आहे आणि तो अगदीं यथार्थ आहे. कारण भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भाऊबंदांवर हा पतंग क्वचित् आढळत असला, तरी त्याचा खरा संसार कपाशीवरच चालतो. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आपणां शहरवासी लोकांचा या पतंगाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आपली गादी आणि उशी, देवापुढील वात, अंगावरील सुती वस्त्र, आणि सरकीची पेंड खाऊन म्हशीनें दिलेलें दूध, इतक्या वाटांनीं यवतमाळची कपाशी आपल्या घरांत येते. त्या कपाशीवर ज्याचा हक्क आपल्याहि आधीं पोंचतो, त्याची थोडी ओळख करून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं. शिवाय या ओळखींत एक धडा आहे. या पतंगाशीं झुंजतांना आपण विषावर भिस्त ठेविली, बियाण्यावर भिस्त ठेविली; परंतु त्याच्या वेळापत्रकाकडे पाहिलें नाहीं. तो जगतो कसा, यापेक्षां तो केव्हां जागतो आणि केव्हां निजतो, यांतच त्याचें बळ आणि त्याचें मर्म दोन्ही आहेत.

प्रथम त्याचा जीवनक्रम पाहूं. हा पतंग निशाचर आहे. दिवस तो लपून काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. मध्यरात्र उलटल्यावर मादी एका जागीं बसून आपल्या शरीरांतून एक सूक्ष्म गंध सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. नराला मात्र तो वाऱ्यावरून दुरूनहि कळतो आणि त्या गंधाच्या मागानें तो मादीपर्यंत येऊन पोंचतो. मीलनानंतर मादी आपलीं अंडीं एकेक करून किंवा लहान लहान पुंजक्यांनीं पात्यांवर, कळ्यांवर आणि पुढें बोंडाच्या देठाजवळच्या हिरव्या आवरणाखालीं घालते. तिच्या आयुष्यांत अशीं शंभर-दोनशें अंडीं ती सहज घालते. तीं इतकीं बारीक असतात, कीं भिंगावांचून शोधूं जाणें व्यर्थ.

तीन ते पांच दिवसांत अंड्यांतून अळी निघते. ती प्रथम मळकट पांढरी असते, डोकें तेवढें काळसर. ही अळी फारसा वेळ बाहेर दवडीत नाहीं. एक-दोन तासांत ती कळींत किंवा कोंवळ्या बोंडांत शिरते. हंगामाच्या आरंभीं, बोंडें धरण्यापूर्वीं, ती फुलाच्या कळींत राहते आणि आपल्या तोंडांतील रेशमी धाग्यानें पाकळ्या आंतून एकमेकींस बांधून टाकते. असें फूल नीट उमलत नाहीं. गुलाबाच्या अर्धवट मिटल्या कळीसारखें दिसतें. आपले शेतकरी त्याला ‘डोमकळी’ म्हणतात. शेतांत डोमकळी दिसली, कीं पाहुणा घरांत आला असें समजावें.

पुढच्या पिढ्या बोंडांत वाढतात. बोंडांत शिरतांना अळीनें पाडलेलें छिद्र इतकें बारीक असतें, कीं बोंड वाढतांना तें बुजूनहि जातें. बाहेरून बोंड हिरवेंगार, टवटवीत. आंत मात्र अळी एका सरकीतून दुसऱ्या सरकींत शिरून तिचा गर खात असते. कपाशीवरची हिरवी बोंडअळी डोकें आंत खुपसून आणि धड बाहेर ठेवून खाते. तिची विष्ठा दिसते, पोखरलेलें बोंड दिसतें, फवारणी तिच्या अंगावर पडूं शकते. गुलाबी बोंडअळीचें तसें नाहीं. ती आंत जाऊन दार लावून घेते. दहा-बारा दिवसांत ती पूर्ण वाढते, तेव्हां तिच्या अंगावर गुलाबी पट्टे उमटतात आणि तिचें नांव सार्थ होतें. मग ती बोंडाला गोल छिद्र पाडून बाहेर येते, जमिनीवर उतरते आणि पालापाचोळ्यांत किंवा मातीच्या वरच्या थरांत कोष करते. कांहीं अळ्या बोंडांतच कोषांत जातात. आठवड्याभरानें, दहा दिवसांनीं कोषांतून पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा अनुकूल हवेंत सुमारें एका महिन्यांत पुरा होतो.

असें पोखरलेलें बोंड फुटतें तें अर्धवट. कापूस पिवळट डागळलेला, धागा आंखूड आणि कमकुवत, सरकी पोकळ. वेचणारणीच्या हाताला तो लगेच कळतो; ती त्याला ‘कवडी’ म्हणून वेगळा काढते आणि बाजारांत त्याला भाव येत नाहीं. कपाशी उभी असते, बोंडें लागलेलीं असतात, खर्च सारा होऊन गेलेला असतो. आणि वेचणीच्या दिवशीं शेतकऱ्याला कळतें, कीं आपल्या आधीं दुसऱ्याच कोणीं वेचणी करून टाकली आहे.

आतां थोडें गणित करूं. हें गणित कल्पनेचें आहे, पण त्यानें विषय स्पष्ट होईल. एका मादीनें शंभर अंडीं घातलीं आणि त्यांतील नव्वद कोळ्यांनीं, मुंग्यांनीं, पावसानें नष्ट केलीं असें धरूं. उरले दहा पतंग. त्यांत पांच माद्या. दुसऱ्या पिढींत पन्नास पतंग, तिसऱ्या पिढींत अडीचशें, चौथ्या पिढींत साडेबाराशें. येथेंच हंगाम संपला तर बरें. पण शेत आणखी एक महिना उभें राहिलें, तर पांचव्या पिढींत सव्वासहा हजार. म्हणजे शेवटचा एक महिना हा साधा महिना नव्हे. तो आधींच्या साऱ्या महिन्यांच्या मिळून सुमारें चौपट भारी आहे. यासाठींच ऑगस्टमध्यें तुरळक दिसणारी ही कीड डिसेंबरांत सारें शेत व्यापून टाकते.

मग हिवाळ्यांत या पतंगाचें काय होतें? येथें त्याच्या जीवनक्रमांतील सर्वांत नवलाचा भाग येतो. दिवस लहान होऊं लागले, थंडी पडूं लागली आणि बोंडांतील सरकी तेलानें भरून पक्व झाली, म्हणजे पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकीं पुष्कळशा कोषांत जातच नाहींत. त्या दोन सरक्या रेशमी धाग्यानें एकमेकींस जोडतात आणि त्या जोडघरांत अंग मुडपून निजतात. ही निद्रा दोन-चार दिवसांची नव्हे. ती अनेक महिन्यांची असते, क्वचित् वर्षाहूनहि अधिक लांबते. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांवरील वाळक्या बोंडांत, जिनिंगच्या कारखान्यांतील सरकीच्या ढिगांत, घराच्या कोपऱ्यांत साठविलेल्या कापसांत ती चालूं राहते. यवतमाळचा उन्हाळा अंगाची लाही करणारा. पण सरकीच्या आंत निजलेल्या अळीला त्याची फारशी बाधा होत नाहीं. उन्हाळा सरतां सरतां, पहिल्या पावसाची ओल लागल्यावर, तिला जाग येते. ती कोषांत जाते आणि पतंग होऊन बाहेर पडते.

या निद्रेनेंच त्याला जगभर नेलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानांतून गेलेल्या कापसाच्या बियांबरोबर तो इजिप्तमध्यें पोंचला. तेथील बियाण्याबरोबर १९११ च्या सुमारास तो मेक्सिकोंत गेला आणि १९१७ सालीं अमेरिकेंतील टेक्सासमध्यें आढळला. ज्याला वाऱ्याच्या साहाय्यावांचून फार दूर उडतां येत नाहीं, तो एवढासा जीव बियांच्या पोत्यांत निजून समुद्र ओलांडून गेला.

आपल्याकडे या किडीवर एक रामबाण उपाय सांपडला असें काहीं काळ वाटलें होतें. २००२ सालीं भारत सरकारनें बीटी कपाशीच्या संकरित वाणांना परवानगी दिली. मातींत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचा एक जनुक या कपाशींत घातलेला असतो. त्यामुळें झाडाच्या पेशींतच बोंडअळीला मारक असें प्रथिन तयार होतें. शत्रु घरांत शिरला तरी घराच्या भिंतींतच त्याच्यासाठीं विष, अशी ही योजना. २००६ सालीं दोन निरनिराळीं प्रथिनें असलेलें वाण आलें. आरंभींचीं वर्षें चांगलीं गेलीं. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या आणि थोड्याच काळांत देशांतील बहुतेक सारी कपाशी बीटीची झाली.

पण आपण मघां एक गोष्ट ध्यानांत ठेविली होती. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवरहि जगते. तिच्यांतील पुष्कळ पतंगांना बीटीच्या विषाची ओळखहि होत नाहीं. लाखांत एखादी अळी ते विष पचविणारी निपजली, तरी तिचा पतंग दुसऱ्या पिकांवर वाढलेल्या साध्या पतंगांत मिसळून जातो आणि तो गुण पातळ होत राहतो. गुलाबी बोंडअळीला दुसरें घरच नाहीं. कपाशी तिची, आणि कपाशी तर सारीच विषाची. जी विष पचवील तीच जगेल, आणि जगलेल्यांचें मीलन जगलेल्यांशींच होईल. यासाठींच बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या कपाशीच्या बियांची वेगळी पुडी देण्याचा आणि शेताच्या कडेनें पांच ओळी किंवा एक-पंचमांश क्षेत्र साध्या कपाशीचें लावण्याचा नियम केलेला होता. त्या ओळींतून साधे पतंग निघावे आणि विष पचविणाऱ्यांशीं त्यांचा संकर व्हावा, हा त्यामागील हेतु. परंतु लहान शेताच्या मालकाला किडीसाठीं ओळी राखून ठेवणें हें पटणार कसें? ती पुडी बहुतेक ठिकाणीं बांधावर फेंकली गेली.

परिणाम व्हावयाचा तो झाला. पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाहीं, असें २०१० सालीं गुजरातेंतून जाहीर झालें. नंतरच्या पांच-सहा वर्षांत दोन प्रथिनांच्या वाणांतहि ती तेथें जिवंत सांपडूं लागली. आणि २०१७ च्या हंगामांत यवतमाळसह विदर्भ आणि मराठवाड्यांतील हजारों शेतांत शेतकऱ्यांनीं बोंडें फोडून पाहिलीं, तों आंत गुलाबी अळी.

त्या वर्षाची आणखी एक आठवण यवतमाळ जिल्हा विसरलेला नाहीं. त्या पावसाळ्यांत कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. कीड वाढत होती आणि फवारण्याहि वाढत होत्या. सर्वच फवारण्या या पतंगासाठीं नव्हत्या. रस शोषणाऱ्या किडींसाठीं आणि इतर अळ्यांसाठींहि त्या होत्या. एकांत एक औषधें मिसळून, तोंडावर धड फडकेंहि न बांधतां, उंच झाडांच्या दाटींत शिरून माणसें पाठीवरील पंपानें फवारीत होतीं. विष झाडांवर पडलें आणि माणसांच्या अंगावर, डोळ्यांत, श्वासांतहि गेलें. जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर त्या विषबाधेनें दगावले. शेंकडों लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांत पुष्कळसे दुसऱ्याच्या शेतांत रोजानें फवारणारे होते.

श्रोतेहो, जी अळी बोंडाच्या आंत दार लावून बसलेली आहे, तिच्यावर बाहेरून पडणारें विष बहुतांशीं व्यर्थ जातें, हें आपण पाहिलेंच. बोंडांत शिरण्यापूर्वींचे एक-दोन तास आणि पतंग झाल्यानंतरच्या कांहीं रात्री, एवढीच काय ती संधि. ती संधि हुकल्यावर केलेली फवारणी अळीपेक्षां कोळ्यांना, मित्र-कीटकांना आणि फवारणाऱ्या माणसालाच अधिक लागते. म्हणून या जीवाचा जीवनक्रम जाणणें हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या प्राणाशीं त्याचा संबंध आहे.

मग उपाय कोणता? तो त्या पतंगाच्याच वागणुकींत दडलेला आहे.

पहिली गोष्ट त्याच्या गंधाची. मादीचा तो गंध म्हणजे काय याचा उलगडा १९७३ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं केला. एकमेकांसारखीच घडण असलेलीं दोन द्रव्यें जवळ जवळ निम्मीं-निम्मीं मिसळून तो बनतो. प्रयोगशाळेंत बनविलेला असा गंध रबराच्या लहानशा गोळीला लावून सांपळ्यांत ठेविला, कीं नर मादीच्या भ्रमानें तेथें येतो आणि अडकतो. यालाच आपल्याकडे कामगंध सांपळा म्हणतात. पेरणीनंतर दीड महिन्यानें, पात्या लागण्याच्या सुमारास, हेक्टरीं पांच सांपळे लावावे, असा सल्ला देण्यांत येतो. सलग तीन रात्री दर सांपळ्यांत आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपायाची वेळ आली असें समजावें. म्हणजे सांपळा हा शेतकऱ्याचा पहारेकरी आहे. केव्हां फवारावें हें तो सांगतो आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे केव्हां फवारूं नये हेंहि सांगतो. त्याच गंधाचा दुसराहि उपयोग आहे. साऱ्या शेतभर जागोजागीं तो गंध लावून ठेविला, तर हवाच मादीच्या हांकांनीं भरून जाते. नर भांबावतो आणि खरी मादी त्याला सांपडत नाहीं. अमेरिकेंत ही युक्ति १९७८ पासून वापरांत आली. आपल्या देशांतहि तिचे प्रयोग झाले आहेत. शेजारचीं सारीं शेतें यांत सामील झालीं, तरच तिचा गुण येतो. एकट्यादुकट्याच्या शेतांत बाहेर मीलन झालेली मादी उडून येते आणि अंडीं घालते.

दुसरी गोष्ट पात्यांच्या काळांतली. पांच टक्के निंबोळी अर्काची फवारणी केली, तर मादी अंडीं घालण्यास कचरते. ट्रायकोग्रामा नांवाची एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आहे. ती पतंगांच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालते, आणि तेथून अळीच्या जागीं माशी बाहेर पडते. कागदाच्या पट्टीवर चिकटविलेलीं अशीं परोपजीवी अंडीं शेतांत पानांना टांचून ठेवितात. डोमकळ्या दिसल्या, कीं त्या तोडून नष्ट करणें हें काम तर घरचीं मुलेंहि करूं शकतात.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण. ती म्हणजे शेत रिकामें ठेवणें. पतंग जूनमध्यें जागा झाला आणि शेतांत पाती नसली, तर त्याला अंडीं घालण्याजोगी जागाच नाहीं. पतंगाचें आयुष्य साधारण आठवड्या-दोन आठवड्यांचें. मेमध्यें विहिरीच्या पाण्यावर पेरणी केली, तर जुलैच्या आरंभीं पाती तयार. जाग्या झालेल्या पतंगांना जणूं पंगतच मांडून ठेविली. चांगला पाऊस झाल्यावर जूनच्या उत्तरार्धांत पेरणी केली, तर पाती ऑगस्टमध्यें येते. तोंवर लवकर निघालेले बहुसंख्य पतंग संतति न ठेवतांच मरून गेलेले असतात. तसेंच दुसऱ्या टोकाला डिसेंबर-जानेवारींत वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावली, तर निजावयास सरकी उरत नाहीं. आरंभीं पंधरा-वीस दिवसांचा संयम आणि शेवटीं एक-दोन महिन्यांचा त्याग, एवढ्यानें त्या पिढ्यांच्या गणिताचा कणाच मोडतो.

हें केवळ पुस्तकी बोलणें नव्हे. अमेरिकेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें आपल्या मुख्य भूमीवरील कपाशींतून ही कीड समूळ नष्ट झाल्याचें जाहीर केलें. टेक्सासमध्यें ती आढळल्यास तेव्हां शंभरांहून एक वर्ष अधिक झालें होतें. तेथें बीटी कपाशी होती, गंध होता, पिकाचे अवशेष ठरल्या मुदतींत नष्ट करण्याचे कायदे होते आणि आणखी एक विलक्षण उपाय होता. ॲरिझोनांतील फिनिक्स येथें कारखान्यांत पतंग वाढवीत, किरणांनीं त्यांना वांझ करीत आणि विमानांतून शेतांवर सोडीत. रानांतील पतंगांचें या वांझ पतंगांशीं मीलन झालें, कीं पुढची पिढी खुंटे. कारखान्यांतील अळ्यांच्या खाद्यांत तांबडा रंग मिसळलेला असे, त्यामुळें सांपळ्यांत सांपडलेला पतंग घरचा कीं रानचा हें त्याचें अंग चिरडून पाहतांच कळे. पण या यशाचा गाभा यंत्रांत नव्हता. साऱ्या शेतकऱ्यांनीं एकाच वेळीं एकच नियम पाळला, यांत तो होता.

आणि येथेंच यवतमाळचा खरा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर झाडें तशींच उभीं ठेवून, एखादें पाणी देऊन, पुढें मार्च-एप्रिलपर्यंत मिळेल तेवढा कापूस घेण्याची चाल आहे. तिला ‘फरदड’ म्हणतात. फरदडीचा कापूस थोडा, पण तो घेण्यास नवें बियाणें लागत नाहीं, नवी मशागत लागत नाहीं. कर्जाच्या ओझ्याखालीं असलेल्या शेतकऱ्याला ते चार पैसे म्हणजे उन्हाळ्याचा आधार. उपटलेल्या पऱ्हाट्या तर घरच्या चुलीचें जळण. ती बांधावर किंवा अंगणांत रचून ठेवलीच पाहिजे. ज्या माणसाला आपण ‘फरदड घेऊं नको’ असें सांगतों, त्याच्याकडून आपण काय मागत आहों याची जाणीव ठेविली पाहिजे. आपलें जळण आणि आपली शेवटची मिळकत त्यानें सोडावी, आणि तिचा लाभ पुढील हंगामांत साऱ्या गांवाला व्हावा, असें हें मागणें आहे. त्यानें सोडली आणि शेजाऱ्यानें सोडली नाहीं, तर त्याचा त्याग फुकट. कारण पतंग बांध ओळखत नाहीं.

म्हणून या किडीचा बंदोबस्त हें एकेका शेतकऱ्याचें काम नसून गांवाचें काम आहे. ज्याप्रमाणें गांवचा बंधारा, गांवची विहीर, त्याचप्रमाणें गांवचा रिकामा हंगाम. पऱ्हाट्यांचें जळण रचून ठेवण्याऐवजीं त्यांचें बारीक तुकडे करून खत करण्याचीं यंत्रें गांवांत मिळालीं, लवकर पक्व होणारीं वाणें मिळालीं आणि फरदडीच्या जागीं हरभऱ्यासारखें दुसरें एखादें पीक घेतां आलें, तर हा त्याग सुसह्य होईल. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कमी दिवसांत येणाऱ्या, दाट पेरणीच्या सरळ वाणांवर काम करीत आली आहे. त्यामागील एक हेतु हाच, कीं पतंगाची शेवटची पिढी वाढण्यापूर्वींच कापूस घरांत यावा. जिनिंगच्या कारखान्यांनीं आपल्या आवारांत सांपळे लावणें आणि सरकीचे ढीग उन्हाळ्यापूर्वीं हलविणें, ही त्यांचीहि जबाबदारी आहे. कारण निजलेल्या अळ्यांचा मोठा मुक्काम तेथेंच असतो.

शहरांतील श्रोत्यांनीं यांत काय करावें? आपल्या हातीं पंप नाहीं आणि पऱ्हाटीहि नाहीं. परंतु विदर्भांतून जातांना फेब्रुवारी-मार्चांत एखादें शेत उघडें, नांगरलेलें, रिकामें दिसलें, तर तें आळसानें पडलेलें आहे असें आपण समजूं नये. त्या रिकाम्या मातींत एका शेतकऱ्यानें सोडलेली मिळकत आहे. आणि पुढील श्रावणांत शेजाऱ्याच्या शेतांतील फूल डोमकळी न होतां उमललें, तर त्याचें श्रेय त्यालाहि आहे. अशा शेतकऱ्याला सरकारनें आणि समाजानें कांहीं देणें लागतें, हें मान्य करण्यास विज्ञान जाणण्याची फारशी आवश्यकता नाहीं. मात्र तें तो कां करतो हें समजण्यासाठीं, दिव्यावर आलेला तो करड्या रंगाचा एवढासा पतंग कोण आहे, कधीं निजतो आणि कधीं जागतो, एवढें तरी आपणांस ठाऊक असलें पाहिजे.